उघडं अंगण

जयपुरातल्या आमच्या गल्लीत एकच अंगण मातीचं राहिलं, ते आमचं. ते आपोआप राहिलं नाही, मी भांडून ठेवलं. त्या भांडणांपैकी एकाचंही मला आजवर वाईट वाटलेलं नाही.

ऐंशीच्या सुमाराला आम्ही अकोल्याहून तिकडे गेलो. यजमान इस्पितळात डॉक्टर, मी मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवायची, आणि सोबत सासूबाई. झोटवाड्याच्या अलीकडे शेतं मोडून नवी कॉलनी होत होती, तिथे घर बांधलं. त्या शेताची जुनी विहीर नेमकी एका प्लॉटच्या कोपऱ्यात आली होती आणि ती कटकट नको म्हणून बाकीच्यांनी तो प्लॉट सोडला होता. आम्ही घेतला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी काठावरून एक खडा आत टाकला, पाण्याचा आवाज कान देऊन ऐकला आणि "बरं आहे" म्हणाल्या. मग रोज सकाळी चहाच्या आधी खडा टाकायचा त्यांचा नेमच झाला. "आई, अशानं विहीर तुम्हीच बुजवाल," असं मी त्यांना चिडवायची.

आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि पाणी वरच साचतं. तिथे शेणाने सारवलेलं अंगण ही घराची अब्रू. जयपूरची माती म्हणजे निम्मी वाळू. केरसुणी फिरवली की अंगणच गोळा होऊन येतं. सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी गवळ्याकडून शेण आणवलं, कुठल्याशा तळ्याकाठची चिकणमाती मिळवली आणि थरावर थर देत अंगण असं गुळगुळीत केलं की शेजारणी बघायला यायच्या. कौतुक झालं की सासूबाई पुढचा थर जरा जाडच द्यायच्या.

आणि मग एक्याऐंशीच्या जुलैत तो पाऊस आला. ज्या शहराला छत्री घ्यायची सवय नव्हती तिथे रस्त्यांवरून माणसं वाहून गेली, शहराच्या कडेच्या वाळूत घरं मावतील एवढ्या घळी पडल्या. आमच्या अंगणातलं पाणी सारवणावरून घसरत सरळ उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं. पीठ, डाळी, अंथरुणं, सगळं गेलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरही पाणी साठलं होतं, पण पाऊस उघडला तशी तिथली जमीन ते पिऊन मोकळी झाली. आमचं डबकं मात्र दुसऱ्या दिवशीही जागचं हललं नव्हतं.

वर्गातल्या मुलींना शिकवण्यासाठी मी तुपाच्या डब्याचा तळ कापून ठेवला होता. डबा जमिनीत थोडा ठोकायचा, पाणी ओतायचं आणि माती ते किती वेळात पिते ते बघायचं. पुस्तकात या प्रकाराला मोठं नाव आहे, पण काम एवढंच. अंगण सुकल्यावर मी तो डबा सारवणात ठोकला. सासूबाई पाट घेऊन समोर बसल्या. पाणी ओतलं, ते नुसतं उभं राहिलं. मग डबा कुंपणाकडच्या उघड्या वाळूत ठोकला आणि पाणी ओतलं. तांब्या खाली ठेवेपर्यंत डबा रिकामा.

सासूबाईंनी रिकाम्या डब्यात हात घालून ओली वाळू चाचपली. मग म्हणाल्या, "म्हणजे हिचं पोट मोठं आहे. तोंड मी शिवून टाकलं."

"हो, आई."

"मग उसव."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी कुदळ घेऊन ते सारवण फोडून काढलं. दारापुढे रांगोळीपुरती, पाटाएवढी जागा तेवढी राखली.

कॉलनीने त्याच पुरातून नेमका उलटा धडा घेतला. माती वाहून जाते, चिखल होतो, तेव्हा सगळी अंगणं पक्की करायची, त्यांचा उतार गल्लीकडे आणि गल्लीचा नाल्याकडे. समितीचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ होते, आणि सज्जन माणसाशी भांडणं सगळ्यात अवघड. एका रविवारी ते मिस्त्रीला घेऊनच आले. "भाभीजी, बस आपका ही रह गया है."

मी त्यांना समजावून सांगितलं. पाणी पळवून लावलं म्हणजे पूर थांबत नाही, तो पुढच्या वस्तीच्या दारात जातो. आणि आज जे जमिनीत गेलं नाही, ते उद्या विहिरीत शोधायचं कुठून? ते हसून म्हणाले, "पानी निकल जाना चाहिए, भाभीजी. बाकी सब किताबों की बातें हैं."

माझा पाराच चढला. पण मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पदर खोचत बाहेर आल्या. त्यांचं हिंदी त्यांचं स्वतःचं होतं. "भैया, हमने एक बार इसका मुँह शिव दिया था, तो पानी चूल्हे तक आया. अब नहीं शिवेंगे." शिवण्याचा हा काय प्रकार, ते अध्यक्षांना काही उमगलं नाही, पण आवाज उमगला. मिस्त्री घमेलं घेऊन परत गेला आणि आम्ही गल्लीत आडमुठ्या ठरलो. ठरलो तर ठरलो.

पुढे पाऊसच रुसला. एक वर्ष गेलं, मग दुसरं, तिसरं. नळ दिवसाआड आला, मग त्यातूनही नुसती हवा येऊ लागली. चौमूंहून भाजी घेऊन येणारी बाई टोपलीतली सुकलेली मेथी दाखवायची आणि भाव सांगायलाही ओशाळायची. दुष्काळ आधी आभाळात येतो, मग मातीत आणि सगळ्यात शेवटी विहिरीत, असं मी वर्गात शिकवत होते, आणि घरी रोज सकाळी तो येताना ऐकत होते. खडा पाण्यात पडायला जास्त जास्त वेळ लागत होता. तरी गल्लीतल्या बायका आमच्याच विहिरीवर यायच्या. मी कुणाला नाही म्हटलं नाही. अध्यक्षांची सूनही कळशी घेऊन यायची.

मग ज्यांना परवडलं त्यांनी बोअर मारले. आमच्या डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. त्यांच्या नळ्या आमच्या विहिरीच्या तळाच्या कितीतरी खाली पोचल्या. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी सासूबाईंनी खडा टाकला आणि खालून कोरडा ठक्क आवाज आला. त्यांनी दुसरा टाकला. मग चहा न घेताच आत जाऊन पडल्या.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात अध्यक्ष पुन्हा आले. "सूखा कुआँ है, बच्चे खेलते हैं. भरवा दीजिए, ऊपर से पक्का करवा लीजिए." आणि जाता जाता अगदी सहज म्हणाले, "आपकी मिट्टी ने इतने साल पानी पिया. गया कहाँ?"

ते मला झोंबलं, कारण उत्तर मला ठाऊक होतं. जमिनीखालच्या पाण्याला कंपाउंड नसतं. आमच्या अंगणातून आत गेलेलं पाणी शेजाऱ्यांच्या बोअरमधून वर येत होतं. मी ते अध्यक्षांच्या तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तो आप भी बोरिंग करवा लीजिए." म्हणजे माठ एकच, भरणारं कुणी नाही, आणि जो तो आपल्या ओगराळ्याचा दांडा तेवढा लांब करणार. मी बोअर मारणार नाही म्हणून सांगितलं.

यजमान मवाळ. रोजच्या कटकटीला कंटाळून त्यांनी अध्यक्षांना परस्पर शब्द देऊन टाकला: हा पावसाळा बघू, पाणी आलं नाही तर दिवाळीनंतर विहीर बुजवू. मला ते जेवताना कळलं. मी ताटावरून उठले. विहीर गेली असती तर अंगण गेलं असतं, आणि अंगण गेलं असतं तर इतकी वर्षं मी जे जे बोलले ते सगळं खोटं ठरलं असतं.

मी पहार घेतली आणि गेटखालचा विटांचा उंबरा फोडून काढला. अंगण मधोमध खणून परातीसारखं खोलगट केलं. आमचं घर गल्लीच्या उताराला. बाकीचे सगळे दारापुढे बांध घालत होते, मी वाट करून ठेवत होते.

त्या पावसाळ्यात आभाळाने हात सैल सोडला. सगळ्या पक्क्या अंगणांचं पाणी चपला, पिशव्या, तुटक्या बादल्या घेऊन गल्लीतून खाली आलं आणि आमच्या गेटातून आत वळलं. सासूबाई रांगोळीच्या जागेवर उभं राहून काठीने चपला बाजूला काढत होत्या. अध्यक्ष पायजमा वर धरून धावत आले. "भाभीजी, गेट बंद कीजिए, पूरी गली का पानी आपके यहाँ जा रहा है."

"आने दीजिए."

"गंदा है."

"मिट्टी छान लेगी."

यजमान ओट्यावरून हे बघत होते. "हे सगळं शेजाऱ्यांच्या बोअरला जाणार, कळतंय ना तुला?"

"कळतंय. जाऊ दे. पण जाईल ते माझ्या अंगणातून."

दुष्काळ विहिरीत शेवटी येतो आणि तिथून शेवटीच जातो. श्रावण गेला, गणपती झाले, खडा ठक्कच वाजत राहिला. शब्दाचा दिवस जवळ येत होता. नवरात्रात एका सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. माझ्या हातात खडा दिला आणि म्हणाल्या, "तू टाक. मला माझ्या कानांचा भरवसा नाही." मी टाकला. खाली पाणी होतं. हातभरच असेल, पण पाणीच. मी तिथेच काठावर बसून रडले.

दिवाळी झाल्यावर अध्यक्ष विहीर भरण्याचं ठरवायला आले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सासूबाईंनी त्यांच्या तळहातावर एक खडा ठेवला आणि विहिरीकडे बोट दाखवलं. त्यांनी टाकला, आवाज ऐकला, वाकून आत बघितलं. मग दुसऱ्या खड्यासाठी हात पुढे केला.

"नहीं, भैया," सासूबाई म्हणाल्या. "ऐसे ही तो कुआँ भर जाता है."