चाळीस प्रश्न आणि पाच गावं

संख्याशास्त्र शिकले कोल्हापुरात, नोकरी लागली बेळगावात, आणि पहिलं काम हाती आलं ते थेट माझ्या घरातलं. माझ्या आईनं निपाणीत उभा जन्म विड्या वळल्या. दुपारी भिंतीला टेकून तिचा डोळा लागला तरी मांडीवर तिची बोटं हलत राहायची, जसं काही पानं-तंबाखूचं सूप अजून पुढ्यातच आहे.

विडी वळणाऱ्या बायांना बोटांचे साधे व्यायाम शिकवले तर काही फरक पडतो का, हे आमच्या गटाला बघायचं होतं. गटात आम्ही तिघं. प्रमुख मॅडम घरी कन्नड बोलायच्या, पण त्यांचं मराठी आमच्यापेक्षा सावकाश आणि स्वच्छ. खानापूरकडचे एक फिजिओथेरपीचे डॉक्टर, मोठे उत्साही. आणि आकडे बघणारी मी. चिठ्ठ्या टाकून निम्म्या बायांना व्यायाम शिकवले. उरलेल्यांना नंतर शिकवायचं ठरलं.

पहिल्या वर्षी प्रत्येक बाईच्या आम्ही चाळीस गोष्टी टिपल्या. बोटांना मुंग्या, मुठीची पकड, मान, पाठ, भूक, झोप, सुचेल ते सगळं. एवढ्या लांब जातोय तर सगळंच विचारून घेऊ, हा विचार माझाच. हिशेब केला तर पकडीत फरक नाही, मुंग्यांत नाही. एकच आकडा मात्र चमकला, तो झोपेचा. व्यायाम करणाऱ्या बायांना झोप चांगली लागत होती. नुसत्या योगायोगानं एवढा फरक पडण्याची शक्यता विसात एकाहून कमी, म्हणजे आमच्या शास्त्रात ‘पास’. माझ्या डोळ्यांसमोर आईची ती हलणारी बोटं आली. मी पळतच मॅडमच्या खोलीत गेले.

त्यांनी कागद नीट वाचला. “छान वाटतंय ना?” म्हणाल्या. “उद्या सकाळी सांगते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांपुढे नवा तक्ता ठेवला. तेच चाळीस प्रश्न. यात चमकला होता डाव्या अंगठ्याचा आकडा.

“डॉक्टर, हे कशामुळं असेल?” त्यांनी विचारलं.

डॉक्टर खुललेच. “अहो मॅडम, हे व्हायलाच पाहिजे! पान डाव्या हातात धरतात, वळताना सगळा भार त्या अंगठ्यावर. शीर मोकळी झाली की पहिला आराम तिथंच.” त्यांनी फळ्यावर हाताचं चित्रसुद्धा काढलं. मला ते शंभर टक्के पटलं.

मॅडम जागच्या उठल्या नाहीत. “काल संध्याकाळी मी कुणी व्यायाम केला आणि कुणी नाही, या खुणा बायांच्या नावांपुढून काढल्या आणि कॉम्प्युटरकडून पत्त्यांसारख्या पिसून परत वाटल्या. या तक्त्यात व्यायाम कुठंच नाही. नुसती पिसलेली पानं आहेत.”

डॉक्टरांनी फळ्यावरचं चित्र पुसून टाकलं.

“आता तू पीस,” त्या मला म्हणाल्या.

मी पिसलं. या वेळी भूक आणि मान चमकली. परत पिसलं, तर उजवा खांदा. एकदा काहीच नाही, पुढच्या वेळी तीन-तीन. दुपारपर्यंत मी पिसतच होते. चाळीस प्रश्न विचारले तर नुसत्या योगायोगानं सरासरी दोन ‘पास’ होणार, हे मी परीक्षेत लिहून गुण घेतले होते. पण प्रत्येक वेळी शून्यातून एक आकृती उठायची, इतकी नीटस की तिच्याकडं बघता बघता माझ्या मनात तिचं कारण तयार व्हायचं. माझी झोपही यातलीच एक असू शकेल, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. “खोटी आहे असं मी म्हणत नाही,” मॅडम म्हणाल्या. “आपल्याला माहीत नाही, एवढंच.”

पुढच्या वर्षी आम्ही एकच प्रश्न घेतला, आणि गावात पाऊल टाकायच्या आधी तो लिहून, सह्या करून ठेवला: एका मिनिटात बाई किती मणी ओवते. निपाणी, सदलगा, कोगनोळी आणि चिकोडीकडची दोन खेडी, अशी पाच ठिकाणं. नव्या बाया, नव्या चिठ्ठ्या. समाजमंदिरात सतरंजीवर बसून बाया मणी ओवायच्या आणि मी घड्याळ धरायची.

निकाल आले तसा डॉक्टरांचा चेहरा उतरला. “पाचही ठिकाणी नापास हो.” खरंच होतं. एकाही गावाचा आकडा एकट्यानं उभा राहात नव्हता. चार गावं व्यायामाच्या बाजूला किंचित कललेली. कोगनोळी किंचित उलटी.

“एक गाव कललं तर ते वाऱ्यानंही कलेल,” मॅडम म्हणाल्या. “पण एकमेकांना न ओळखणारी गावं एकाच बाजूला का कलावीत? सगळ्यांची साक्ष एकत्र कर. तशी रीत आहे.”

“मग कोगनोळी काढूया का?” डॉक्टरांनी विचारलं. “तिथं तेव्हा हायवेचं काम चाललं होतं, बाया नीट येत नव्हत्या.”

“निकाल बघून गाव काढायचं? मग त्या पिसलेल्या पानांत आणि यात फरक काय राहिला?”

कोगनोळी धरून पाचही गावांचे आकडे मी त्या रीतीत घातले. एकत्र आकडा आला तो विसात एकाच्या रेषेच्या अलीकडं, म्हणजे ‘पास’. फार नाही, पण अलीकडं. मी तीनदा तपासला, मग कागदावर हातानं केला. तेवढाच. एकटं असताना ज्यांचं बोलणं ऐकूही येत नव्हतं, त्या पाच गावांनी मिळून एक शब्द स्पष्ट उच्चारला होता, आणि उलट बोलणाऱ्या कोगनोळीला धरून उच्चारला होता. मी खुर्चीत बसून राहिले. डोळ्यांत पाणी का आलं, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. मॅडम पुटपुटल्या, “मला अजूनही दर वेळी असंच होतं.”

निकाल बायांना सांगायला आम्ही सदलग्याला गेलो. मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. पुढं बसलेल्या एका वयस्कर आक्कांनी हात वर केला.

“माझी बोटं सुधारली का न्हाय, ते सांग की गं.”

“आक्का, एकट्या तुमचं मला सांगता येत नाही.”

“आन् आमच्या गावाचं?”

“एकट्या गावाचंही नाही. सगळ्या गावांचं मिळून सांगता येतं.”

“मंजी माझं मणी काढून घेतलं तर तुझं समदं ढासळंल?”

“एवढंही नाही आक्का. थोडं हलकं होईल.”

“व्हय?” त्या शेजारणीकडं वळल्या. “लई न्हाय, पर हलकं हुतंय म्हनं.”

मग नंतर शिकवायचं म्हणून मागं ठेवलेल्या बायांना पुढं बोलावलं, आणि डॉक्टरांनी पहिला व्यायाम दाखवायला हात वर केले.