मोटारीचा नांगर

आमच्या मोटारीला हँडब्रेक नव्हता, नांगर होता.

यात हसण्यासारखं काही नाही. आम्ही खारदांड्याचे कोळी. काहीही थांबवायचं म्हटलं की आम्हाला आधी नांगर आठवतो. चीनची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझा नवरा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. स्वतःची होडी नव्हती, तरी सगळे त्याला नाखवा म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. पाली हिलवरचा एक साहेब कायमचा विलायतेला निघाला. नाखव्याने त्याच्या लाँचचं इंजिन सांभाळलं होतं, म्हणून जाताना त्याने आपली लाल मोटार याला बक्षीस दिली. (मेल्याने एखादं कपाट दिलं असतं, तर लुगडी तरी ठेवली असती!)

मोटार शर्यतीची. जागा दोन माणसांची, वर टप नाही, अंग एका गाडीचं, इंजिन दुसऱ्या गाडीचं. आणि इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यावरची कुत्री आपल्याकडे वरून बघायची! चाकांवरच्या स्प्रिंगा इतक्या दमलेल्या, की एकदा मी मांडीवर पापलेटांची पाटी घेऊन बसले तर सायलेन्सर खार स्टेशनापाशीच राहिला. हँडब्रेकचा दांडा पहिल्याच आठवड्यात नाखव्याच्या हातात आला. वाया कशाला घालवायचा? मी तो कपडे बडवायला घेतला. झकास चालायचा!

"आता उतारावर गाडी उभी कशी करणार?" मी विचारलं.

"होडी उभी करतो तशी गो!" नाखवा म्हणाला.

त्याने एक छोटा, चार नखांचा नांगर आणला, त्याचा दोर गाडीच्या मागच्या कडीला बांधला आणि नांगर माझ्या पायाशी ठेवला. पाली हिलच्या उतारावर मी बंगल्या-बंगल्यातून मासे विकायची. गाडी थांबता थांबता मी डावीकडून नांगर फेकायचा आणि तो गटाराच्या कडेला नाहीतर कुणाच्या फाटकाला अडकायचा. दोन फाटकं आमच्याबरोबर आली. (त्या दोन बंगल्यांनी पुढे मासे खाणंच सोडलं.)

आमच्यात नांगरावर घरोघरची खूण असते, नाहीतर किनाऱ्यावर रोज डोकी फुटतील. बाकीचे तीन रेघा नाहीतर एखादी फुली मारतात. मी चौथी पास! मी नांगराला लाकडाची फळी बांधली आणि पांढऱ्या रंगाने ठसठशीत लिहिलं : 'जनाबाई, खारदांडा. हात लावू नये.'

मग माझ्या नणंदेचं, हिराचं, लग्न ठरलं. मुलगा वेसाव्याचा, दामू. साखरपुड्यात मी नको तेवढं बोलले. "आमच्या घरची मोटार आहे. नवरानवरी मोटारीतूनच सासरी येतील!"

हिराची होणारी सासू पदर खोचून म्हणाली, "तीच ना, जी बकरीसारखी बांधून ठेवता? हे बघ जनाबाई, माझ्या दारात नांगर दिसला ना, तर सगळं वेसावं हसेल. आणि मग तुझ्या नणंदेला मी जन्मभर ऐकवीन!"

हिरा घरी येऊन रडायला लागली. "वहिनी, तुझ्या नांगराने माझी वाट लावू नको गो!"

म्हणून नाखवा गाडी घेऊन अंधेरीच्या एका उस्तादकडे गेला. मीही गेले. उस्तादने वाकून गाडीखाली पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"भाभी, ये गाडी है के मगरमच्छ? पेट जमीन पे घिसता है! और हँडब्रेक का दांडा किधर है?"

"धुण्यात आहे," मी म्हटलं.

त्याने गाडी ठेवून घेतली. आठ दिवसांनी गाडी परत मिळाली. जुन्या स्प्रिंगा काढून जीपच्या जाडजूड घातल्या होत्या. अंड्यावरून उठलेल्या कोंबडीसारखी गाडी उंच दिसायला लागली. हँडब्रेकला नवी केबल, नवा दांडा. उस्तादने गाडी उतारावर उभी केली, दांडा ओढला आणि सहा माणसांना ढकलायला लावली. गाडी जागची हलली नाही.

"भाभी, अब लंगर भंगार में डालो," तो म्हणाला.

मी मान डोलावली. आणि लग्नाच्या दिवशी नांगर गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवला. दोर आधीच मागच्या कडीला बांधला होता. आठ दिवसांच्या ब्रेकवर कोण भरवसा ठेवतो? माझा तर नवऱ्यावरही पहिली पाच वर्षं नव्हता.

लग्न खारदांड्यात लागलं. दोघांच्या गाडीत आम्ही चौघं बसलो. नाखवा चालवायला, शेजारी मी, मागे डिकीच्या झाकणावर नवरानवरी. जीपच्या स्प्रिंगा कडक! खड्डा आला की नवरा वर, नवरी खाली. पुढच्या खड्ड्याला नवरी वर, नवरा खाली. अंधेरीपर्यंत दामूच्या मुंडावळ्या मानेमागे गेल्या होत्या.

"नाखवा, हळू रे!" दामू ओरडला.

"हळूच आहे. स्प्रिंगा नवीन आहेत!" नाखव्याला कोण अभिमान!

वेसाव्याला पोचलो. दारात मोठा मांडव, वर होडीच्या शिडाचं कापड, होडीच्याच दोरांनी ताणून खुंट्यांना बांधलेलं. बँड सुरू. रस्ता समुद्राकडे उतरता. नाखव्याने ब्रेक ओढला. गाडी थांबली. खरंच थांबली! पण थांबल्यावर त्या नव्या स्प्रिंगांवर गाडीने पुढे एक हेलकावा घेतला. मला वाटलं, सुटली! आणि माझ्या हाताने जे रोज केलं तेच केलं.

नांगर गेला. नेमका मांडवाच्या दोरात जाऊन बसला. बँडच्या आवाजात कुणाला कळलं नाही.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे नांगर आणल्याचं कबूल करायचं! मनातच म्हटलं, सगळे उतरले की हळूच ओढून घेऊ.

एवढ्यात हिराच्या सासूबाई मांडवातून ओरडल्या, "अजून पुढे घे रे! माझ्या उंबऱ्यापाशी घे!"

नाखव्याने ब्रेक सोडला. गाडी चार हात गेली आणि अडली.

"बघ उस्तादचा ब्रेक!" नाखवा खूश होऊन म्हणाला. "सोडला तरी धरून बसलाय!" आणि त्याने गॅस दिला.

खुंट्या उपटल्या. बांबू आडवे झाले. शीड खाली आलं, ते अख्ख्या बँडवर आणि सासूबाईंवर. आतून नुसता तुतारीचा केविलवाणा आवाज येत राहिला.

तुतारी थांबली तशी मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "मेला तो उस्ताद! कसला ब्रेक लावलाय! गाडी सुटली आणि मांडवात घुसली!" चांगली पाच मिनिटं मी त्या गरिबाचा उद्धार केला. लोकांना पटायलाही लागलं होतं.

मग कापड हललं. सासूबाई बाहेर आल्या. अंबाडा सुटलेला, हातात नांगर.

"हा कुणाचा?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "वेसाव्यात काय नांगरांची कमी आहे?"

त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी फळी मुलापुढे धरली. "दामू, वाच रे. मोठ्याने वाच."

दामूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हिराकडे, आणि वाचलं, "जनाबाई, खारदांडा. हात लावू नये."

आधी हिरा हसली. मग सासूबाई हसल्या, मग अख्खं वेसावं. हिराला जन्मभर कुणी काही ऐकवलं नाही. ऐकून घ्यायला मी होते ना!

शाळेत मास्तर म्हणायचे, अक्षर असं काढा की कुणालाही वाचता आलं पाहिजे. वर्गात फक्त मीच ऐकलं.