हा राग डागाचा की माझा?

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एमआरआयमध्ये कपाळामागे एक पांढुरका डाग दिसत होता. "फ्रंटल लोब कंट्युजन," ते म्हणाले. म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला बसलेला मुका मार. माणूस स्वतःला आवरतो, ते काम हा भाग करतो. कळंबोलीजवळ मी स्कूटरवरून पडले होते. हेल्मेट होतं म्हणून वाचले.

त्यांच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. स्कॅन पाहून पेशंट पुढे कसा वागेल, याचा अंदाज ते द्यायचं. माझा अंदाज आला: चिडचिड वाढेल, उतावळेपणा येईल, विचार न करता बोललं जाईल.

माझ्या नवऱ्याने, सुधीरने, ते अगदी लक्ष देऊन ऐकलं.

पनवेलला घरी आल्यावर बरेच दिवस डोकं जड असायचं. वास तर गेलाच. भाजी करपली की धूर दिसल्यावरच मला कळतं. हे खरं आहे, लपवत नाही.

जरा बरं वाटल्यावर कामावर जायचं ठरवलं. न्हावा शेवाला येणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात मी लग्नाआधीपासून आहे.

सुधीर म्हणाला, "आता घरीच राहा. मी तुझ्या साहेबांना सांगून टाकलंय."

"मला न विचारता?" माझा आवाज चढला.

त्याने सासूबाईंकडे पाहिलं. "बघ आई, डॉक्टर म्हणाले तसंच होतंय."

त्यानंतर माझं प्रत्येक 'नाही' आजारात जमा झालं. चिडले तर स्कॅन, रडले तरी स्कॅन. गप्प बसले की मात्र, "आज बरी दिसतेस."

पुढच्या तपासणीला सुधीरला मी मुद्दाम सोबत नेलं. आत गेल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, मला न विचारता यांनी माझी नोकरी सोडवली, म्हणून मी चिडले. हा राग त्या डागाचा की माझा?"

डॉक्टर म्हणाले, "ते स्कॅनमध्ये दिसत नाही. असा मार बसलेल्या बऱ्याच जणांचं पुढे काय झालं, त्यावरून तो अंदाज आहे. एकट्या तुमच्याबाबतीत तो चुकूही शकतो." मग सुधीरकडे वळले. "खरं सांगू? मीही चिडलो असतो."

रिक्षात बसल्यावर सुधीर म्हणाला, "साहेबांना मी फोन करू?"

"मीच करते."

आता मी ऑफिसला जाते. दुपारनंतर थकते, तेव्हा जरा डोळे मिटून बसते. त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच. 'माहीत नाही' म्हणायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

तुमच्या हातात असा रिपोर्ट पडला, तर औषधं घ्या, तपासण्या चुकवू नका. पण तुमच्या वतीने त्याला बोलू देऊ नका.

अपघाताआधी मी बरंच ऐकून घ्यायचे. आता घेत नाही. ते डागामुळे असेल, तर असू दे.