हाय का नाय विचारणारे भाई

शरीफभाई मला पहिल्यांदा भेटले ते नवीन पनवेलला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या युनियन ऑफिसमध्ये. मी तेव्हा कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी रिपोर्ट लिहून देणाऱ्या एका फर्ममध्ये होते. हे रिपोर्ट कामगारांनी वाचले पाहिजेत असं माझं म्हणणं होतं, आणि ते ऐकून घ्यायला कुणालाच वेळ नव्हता. भाईंनी ऐकून घेतलं. त्यांचे रोजे चालू होते, तरी त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, साखर बरोबर आहे का ते मलाच विचारलं आणि म्हणाले, "बोल बेटा. पण सावकाश. घाई झाली की तू इंग्लिशमध्ये जातेस."

माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमचं. भाईंच्या पंच्याहत्तरीच्या अंकासाठी लिही म्हटल्यावर मी जरा घाबरलेच. म्हणून जशी बोलते तशीच लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना नफा-तोट्यासोबत आणखी एक अहवाल द्यावा लागतो. कामगारांची सुरक्षा, आरोग्य, तक्रारी, पाणी, प्रदूषण याबाबत आपण काय करतो, हे त्यात कंपनीच सांगते. तो गुंतवणूकदार वाचतात, माल घेणारे परदेशी ग्राहक वाचतात. कामगार मात्र वाचत नाहीत. भाई स्वतः पळस्प्याच्या पुढच्या एका केमिकल कंपनीत आयुष्यभर ऑपरेटर होते आणि निवृत्तीनंतरही तिथल्या युनियनचे सल्लागार आहेत. त्यांनी मला विचारलं, "यात कंत्राटी माणसं धरलीत का?" मी त्यांच्याच कंपनीच्या अहवालातला कामगारांचा तक्ता काढून दाखवला. कायम कामगार वेगळे, कंत्राटी वेगळे. भाईंनी त्यातली एकेक ओळ मला मराठीत सांगायला लावली.

त्यातून त्यांनी एक पद्धत काढली. जेवणाच्या सुट्टीत गेटवर उभं राहायचं, कंपनीचंच एकेक वाक्य साध्या मराठीत वाचायचं आणि विचारायचं, "हाय का नाय?" लोक हात वर करून उत्तर देतात. पहिल्या वेळी वाचायला मला उभं केलं होतं. मी "हितसंबंधीयांशी सुसंवाद" असं काहीतरी म्हणाले आणि मागून कुणीतरी विचारलं, "ही कोण?" भाई म्हणाले, "पोरगी आपलीच हाय, मराठी तेवढी कंपनीची हाय." मग त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला.

त्या दिवशी एक वाक्य होतं: सर्व कामगारांना दरवर्षी आरोग्य तपासणीची सोय आहे. कायम कामगार म्हणाले, हाय. पॅकिंगच्या कंत्राटी बायका म्हणाल्या, नाय. पुढे उभ्या असलेल्या गव्हाणच्या वनिताताईंना उत्तर देताना खोकल्याची उबळ आली. त्या रोज केमिकलची पावडर पिशव्यांत भरायच्या.

मी लगेच पेटले. कंपनी खोटं बोलतेय, आजच गुंतवणूकदारांना मेल करू, वनिताताईंचा व्हिडिओ टाकू. भाई म्हणाले, "आणि उद्या ठेकेदार तिला येऊ नको म्हणाला तर? तिच्या घरात कमावणारी ती एकटी आहे. आधी तिला विचार."

वनिताताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला तपासनीच नको. काय निघालं तर घरी बसवतील. आमी काय करायचं मग?"

भाई एचआर मॅनेजरकडे गेले तेव्हा मीही सोबत होते. त्यांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. मॅनेजर आधीच वैतागले होते. "भाई, आम्ही खोटं लिहिलंय असं म्हणायचंय का?"

"नाही साहेब, चांगलं लिहिलंय. ते खरं व्हावं म्हणून आलोय. तपासणीची गाडी कुठे उभी करता?"

"आतल्या गेटजवळ."

"आणि पॅकिंगच्या लोकांचा पास कुठपर्यंत चालतो?"

मॅनेजरांनी सिक्युरिटीला फोन लावला. पॅकिंगची शेड बाहेरच्या गेटलाच लागून होती, आणि पास तेवढ्यापुरताच चालत होता. इतकी वर्षं गाडी येत होती, आणि या बायकांना तिथवर पोचताच येत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाडी बाहेर आणायला ते लगेच तयार झाले. पण भाई उठले नाहीत. तपासणीत काही निघालं तर काम बदलायचं, माणूस काढायचा नाही, हे ठेकेदाराकडूनही लिहून हवं, म्हणाले. त्यासाठी नंतर बऱ्याच चकरा झाल्या. दर वेळी भाई कंपनीच्याच अहवालातलं ते तपासणीचं पान टेबलावर मांडायचे आणि त्या वाक्यावर बोट ठेवायचे. शेवटी लिहून मिळालं. अहवाल छापण्याआधी तो युनियनला दाखवायचा, हेही त्याच बैठकांमध्ये ठरलं.

वनिताताईंची तपासणी झाली. फुफ्फुसांना त्रास सुरू झाला होता, पण वेळेत कळलं. आता त्या लेबलिंगला आहेत, पगार तोच आहे आणि खोकला खूप कमी आहे. भाईंनी मला एकदाही "बघ, मी म्हणालो होतो" असं ऐकवलं नाही. उलट सगळ्यांना सांगतात, "तक्ता हिनं दाखवला."

यंदाच्या वाचनात तेच वाक्य आलं. भाईंनी विचारलं, "हाय का नाय?" पॅकिंगच्या बायका सगळ्यात आधी म्हणाल्या, "हाय." भाई पुढचं वाक्य वाचणार तेवढ्यात वनिताताई म्हणाल्या, "थांबा भाई. तुमची झाली का तपासनी?"

"मी आता कुठला कामगार? मी रिटायर."

"ते नका सांगू. हाय का नाय, तेवढं बोला."

सगळं गेट हसत होतं. भाईंनी चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाले, "नाय."

त्याच आठवड्यात वनिताताई आणि मी त्यांना पनवेलच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बीपी जरासं वर, बाकी सगळं छान.

भाई, तुम्हाला पंच्याहत्तरीच्या मनापासून शुभेच्छा. अजून खूप वर्षं गेटवर तुमचा आवाज ऐकू येवो, आणि तुमची तब्येत अशीच राहो. दर वर्षी वाचन सुरू करण्याआधी पहिला प्रश्न आता आम्ही तुम्हाला विचारणार आहोत. उत्तर सगळ्यांसमोर द्यायचंय.