चौथी ओळ, तिसरा आकडा

२४ डिसेंबर १९९६ला, मंगळवारी, आईला डोळे दाखवायला वाशीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर तिथे नव्हते. लेझर करणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच, तिसऱ्या बुधवारी येत. तो बुधवार १८ तारखेला होऊन गेला होता.

साखरेमुळे आईचा उजवा डोळा गेला होता. डाव्याला लवकर लेझर करून घ्या, असं तिला सांगितलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे तिला दिसेनात, म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. कोपरखैरण्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तेव्हा सी भाषा शिकत होते. प्रोग्रॅम प्रत्येक आकडा फुल्यांनी रचून मोठा छापायचा. वारांची नावं मात्र मी वर, बारीक इंग्रजी अक्षरांत ठेवली. डिसेंबरचा कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. त्यावर बघून आईने तारीख सांगितली आणि बाबांनी रबाळ्याच्या कारखान्यात त्या दिवसाची रजा टाकली.

घरी परतल्यावर आई म्हणाली, तिचंच मोजायचं चुकलं. कसं मोजलं ते मी तिला दाखवायला सांगितलं. तिने वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते एकेक ओळ खाली आणलं.

"रवि, सोम, मंगळ, बुध."

चौथ्या ओळीत बोट आडवं सरकलं आणि तिसऱ्या आकड्यावर थांबलं. २४.

आमच्या घरी लागलेल्या प्रत्येक कॅलेंडरवर वार डावीकडे, एकाखाली एक असत. तारखा वरून खाली येत. मी क्लासच्या पुस्तकातला नमुना घेतला होता. त्यात आठवडा आडवा होता.

आई साताऱ्याकडची. म्हणाली, "तुझं काय न्हाई चुकलं. आकडे झ्याक आलेत."

"आकडे झ्याक," बाबा म्हणाले, "आठवडा तेवढा आडवा पडलाय."

नाताळची सुट्टी संपल्यावर मी क्लासमध्ये प्रोग्रॅम बदलला. त्यात एकाच्या आत एक अशी दोन लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सूचना होत्या. बाहेरचं लूप आठवड्यांचं होतं, आतलं वारांचं. त्यांची अदलाबदल केली, तसे वार एकाखाली एक आले. जानेवारी बुधवारी सुरू होत होता. वरच्या तीन ओळींत पहिली जागा मोकळी सोडायची राहिली, म्हणून कागद पुन्हा छापला.

आईने चौथी ओळ शोधली, तीन आकडे मोजले आणि पंधरा म्हणाली. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडताळून पाहिलं, मगच रजेचा अर्ज लिहिला.

१५ जानेवारीला डाव्या डोळ्याला लेझर झालं. मार्चच्या तपासणीत त्या डोळ्याची नजर होती तेवढीच टिकून होती.