चौतीस इंचांचं टेबल

आमच्या यांनी इतक्या वर्षांच्या संसारात मला न मागता काही दिलं असेल तर ती सर्दी. त्यामुळे दिवाळी झाल्यावर एका रविवारी कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, "मागची खोली तुला करून देतो. तुझं ते बारीकसारीक काय बनवत असतीस त्याला," तेव्हा मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

"बारीकसारीक" म्हणजे माझी मॉडेल्स. मी सोलापुरातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, म्हणजे घरांचे नकाशे काढते. बाई असले तरी हुद्द्याचं नाव तेच. पूर्वी गिऱ्हाइकाला त्याचा बंगला कसा दिसेल हे दाखवायला आम्ही माउंटबोर्डचा जाड पुठ्ठा कापून छोटे बंगले करायचो. आता ते सगळं कॉम्प्युटरवर फिरवून दाखवतात. काम गेलं, हाताची खाज काही गेली नाही. मग मी घरी स्वतःसाठी करायला लागले. बंगल्यांचा मला वीट आला होता. माझं माहेर दुष्काळी सांगोल्याकडचं, म्हणून मी पाण्याचा टँकर करायला घेतला आणि त्याच्यापुढे घागरींची रांग. एकास पंचवीस या मापात, म्हणजे खरी वस्तू पंचवीस इंच तर माझी एक इंच. घागरी मण्यांपासून केल्या होत्या आणि प्रत्येकीला वेगळ्या जागी पोचा होता, कारण गावात एकसारख्या दोन घागरी मी कधी बघितल्या नाहीत.

हा सगळा कारखाना जेवणाच्या टेबलावर चालायचा. ताटं मांडायची वेळ झाली की उचला, जेवणं झाली की मांडा. एकदा आमटीत टँकरचं चाक निघालं. हे ते चमच्यात धरून म्हणाले, "गाडी पंक्चर हाय वाटतं." मागची खोली अडगळीने भरलेली होती. ती द्या म्हणून मी कितीदा तरी मागितली होती, आणि दर वेळी उत्तर एकच, "बघू की."

तेव्हा तो रविवार म्हणजे माझ्यासाठी दसरा होता. मी त्याच दुपारी टेप घेऊन सगळं घर मोजलं. नुसती खोली मोजून भागलं असतं, पण सवयीला औषध नसतं. आलेख-कागदावर अख्ख्या घराचा नकाशा काढला, त्याच मापाची कागदी कपाटं आणि टेबल कापलं आणि नकाशावर सरकवत बसले. शेवटी उत्तरेच्या खिडकीखाली टेबल ठरलं. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, हाताची सावली कामावर पडत नाही. त्या जागी मी सुबक अक्षरात लिहिलं, "माझं टेबल". नकाशा गवंड्याला दाखवायला म्हणून यांनी मागून घेतला.

मग यांचा उत्साह बघावा. मी म्हणाले होते, फरशी फिकट असली तर पडलेला मणी सापडतो. यांनी पांढऱ्या टाइल घातल्या, जमिनीला आणि खिडकीखालच्या भिंतीलाही. मी म्हणाले, रंगाच्या स्प्रेला वास असतो, खिडकी उघडी ठेवीन. यांनी एक्झॉस्ट फॅन बसवला. ब्रश धुवायला बेसिन तर मी मागितलंही नव्हतं, तेही आलं, नळासकट. फक्त टेबलावरून वाद झाला. मला लाकडी हवं होतं, बसून काम करायचं, तीस इंच उंच. यांनी भिंतीत कडप्पा बसवून घेतला, चौतीस इंचांवर.

"उन्हाळ्यात लाकूड वाकतंय. फरशी वाकत न्हाय," ते म्हणाले.

"पण उंच होतंय."

"उभ्यानं काम करावं. कंबर धरत न्हाय."

गवंड्यापाशी स्वतः उभे राहून त्यांनी कडा घासून घेतल्या. मी उंच स्टूल विकत आणलं आणि ऑफिसात सांगत सुटले. आमच्याकडच्या बायका नवऱ्यांच्या तक्रारी सांगतात. मी तीन महिने नवऱ्याचं कौतुक सांगितलं. एकजण म्हणाली, "जपून गं, दृष्ट लागंल."

ते तीन महिने सुखाचे होते हे मी आजही नाकारत नाही. रविवारी सकाळी खोलीत शिरायचं, ब्लेड, चिमटे, गोंदाची बाटली जिथे ठेवली होती तिथेच सापडायची. काही उचलायचं नाही, काही लपवायचं नाही. अकराच्या सुमाराला हे चहा घेऊन दारात उभे राहायचे. "घागरी लई झ्याक जमल्यात," म्हणायचे. मी विरघळायचे. वाटायचं, माणूस उशिरा का होईना, मला ओळखायला लागला.

माघ संपता संपता धाकटे दीर आणि जाऊ करमाळ्याहून आले. दीर तिथे नोकरीला होते, आता बदली सोलापूरला झाली होती. घर सासऱ्यांनी दोघा भावांच्या नावावर ठेवलेलं, तेव्हा वाटणी आलीच. आमच्या लोकांत वाटणीची जुनी रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, कारण वाईट वाटा त्याच्याच पदरात पडतो. रीत शहाणी आहे. ती घालून देणाऱ्यांनी आमचे हे बघितले नव्हते, एवढंच.

साक्षीला यांचे मामा बोलावले होते. सगळे हॉलमध्ये बसले आणि यांनी टीपॉयवर कागद पसरला. माझा आलेख-कागद. मधून लाल पेनने आडवी रेघ मारली होती, पुढचा वाटा आणि मागचा वाटा. माझी खोली मागच्या वाट्यात होती. मला आधी वाटलं की यांची चूक झाली. मग मी वाकून बघितलं. खिडकीखाली "माझं टेबल" यावर काट मारलेली होती आणि यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "ओटा".

ओटाच होता तो. कडप्पा, चौतीस इंच, शेजारी बेसिन, वर एक्झॉस्ट, मागे पांढऱ्या टाइल. माझं आयुष्य लोकांचे ओटे काढण्यात गेलं. झोपेतून उठवलं तरी मी ओट्याची उंची सांगीन. आणि त्याच ओट्यापुढे स्टूल टाकून मी तीन महिने बसले होते, नवऱ्याचे गुण गात. इतकी मूर्ख बाई मीच असेन.

बाकीचं जुळायला वेळ लागला नाही. घराच्या मागच्या भागात स्वयंपाकघर नव्हतं. तसाच राहिला असता तर कोणत्या बाईने तो वाटा उचलला असता? आणि पुढचा भाग रस्त्याला लागून. शेजारच्या प्लॉटवर दुकानं होणार आहेत, आपल्याही भिंतीला उद्या शटर काढून दुकान टाकता येईल, हे ऑफिसातून येऊन मीच यांना सांगितलं होतं.

दीर आणि जाऊ घर बघून आले. जावेने कडप्प्यावरून हात फिरवला होता. "ओटा तर आयताच हाय की. कोरा करकरीत," ती म्हणाली. त्यांनी मागचा वाटा उचलला. मामांनी "थोरल्यानं मन मोठं केलं" म्हणून यांची पाठ थोपटली.

चहाच्या निमित्ताने मी यांना आत बोलावलं.

"ते टेबल माझ्यासाठी केलं होतं का?"

"तुझ्यासाठीच की. तीन म्हैने बसलीस न्हवं?"

"वाटणीचं कधी ठरलं?"

"दिवाळीतच. तुला सांगितलं न्हाय, तुझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय म्हणून." मग जरा हसून म्हणाले, "दर्शनी बाजू राहिली बघ आपल्याला. ती काय माझ्या एकट्याची हाय व्हय?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. मी चहा गाळायचा सोडून संतापाने त्यांच्याकडे बघत होते आणि ते कपात साखर घालत होते. खोली गेल्याचं मला एवढं वाटलं नाही. खोलीशिवाय मी आधीही दिवस काढले होते. पण दारात चहा घेऊन उभा राहणारा तो माणूस मला हवा होता. तो कधी नव्हताच. उभा होता तो ओट्यावर नजर ठेवायला. माझं सुख त्याने आमिषासारखं गळाला लावलं होतं आणि ते ताजं दिसावं म्हणून वर वाखाणलंही होतं.

पुढच्या रविवारी जाऊ गॅसची शेगडी घेऊन आली. मी मणी डब्यात भरत होते. तिने शेगडी जमिनीवर ठेवली, ओट्यावर मांडायची तिला घाई नव्हती. मला मदत करायला बसली. एकेक घागर दोन बोटांत धरून कापसात ठेवत होती.

"ताई, तुमची जागा आमी घेतली," ती म्हणाली. "माझा जीव खातोय बघा. दुपारचं हितंच येऊन बसत जावा की."

"बघू," मी म्हणाले.

तिने आणखी एक घागर कापसात ठेवली. मग हळूच म्हणाली, "ह्यांचं मन रस्त्याच्या बाजूला हुतं. मीच ओट्यासाठी हट्ट केला. तुमी नकाशेवाल्या, तुमाला कळतंय. खरं सांगा, आमी चुकलो न्हाय न्हवं?"

वाटणीपत्रावर अजून सह्या व्हायच्या होत्या. मी एक वाक्य बोलले असते तर तो कागद तिथेच फाटला असता. मी मान वर केली तर हे दारात उभे होते, हातात चहाचे दोन कप.

"नाही गं," मी म्हणाले. "चांगला वाटा मिळाला तुम्हाला."

यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. या वेळचं कौतुक खरं होतं.