चुका जशाच्या तशा

हसणार नाही असं वचन द्या, मगच सांगते. जाऊ दे, तुम्ही कसले ऐकताय!

तर मी नोएडाच्या एका कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकवते. तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होते. आमच्या एचओडी मॅडम म्हणाल्या, "सायली, फर्स्ट इयर के लिए प्रिंटिंग पर एक पोस्टर बनाओ. अच्छा बना तो तुम्हें परमनंट कराने की बात मैं खुद करूँगी."

परमनंट! मेट्रोने मयूर विहारला घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात केबिनला पडदेसुद्धा लावून टाकले.

आणि मी काय साधं पोस्टर करणार? छे! मी मुद्दाम चुकांचं पोस्टर केलं. रंग सरकल्यामुळे दोन-दोन कडा दिसणारा आंबा, पांढऱ्यावर पिवळी अक्षरं, तिरकी चौकट. वर हिंदीत शीर्षक, म्हणजे आपल्या भाषेत 'या चुका टाळा'. शेवटी नियम ठोकला, 'मजकूर कागदाच्या कडेला नेऊ नका, कटिंगमध्ये उडतो.' आणि त्याच्या खाली, ठसठशीत, माझं नाव.

प्रेसवाले बन्सलजी म्हणजे देवमाणूस. मी पोस्टर आणायला गेले तर त्यांचा चेहरा नुसता फुललेला. "मैडम, आपकी फाइल में बहुत गलतियाँ थीं. सब ठीक करवा दीं. बच्चों के सामने आपकी इज्जत का सवाल था!"

बघते तर काय! आंबा चकाचक, अक्षरं काळीकुळकुळीत, चौकट सरळसोट. आणि वर शीर्षक, 'या चुका टाळा'!

"भैया, गलतियाँ ही तो चाहिए थीं!" मी किंचाळले.

बन्सलजींनी ऑपरेटरकडे पाहिलं. ऑपरेटरने माझ्याकडे. बाईंना ऊन लागलंय, असं दोघांच्याही चेहऱ्यावर.

"मेरी फाइल जैसी है, वैसी छापो. कुछ भी गलत दिखे, हाथ मत लगाना!"

"वो नीचे जो आपका नाम है ना मैडम, वो..."

"हाथ मत लगाना!"

"जी."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचले तर पोस्टर प्रेसमधून परस्पर येऊन आधीच भिंतीवर, समोर मुलांची गर्दी, आणि मधोमध एचओडी मॅडम पोट धरून हसतायत. मी पुढे घुसले. आंबा? सरकलेला. चौकट? तिरकी. वा! मग नजर खाली गेली. 'कडेला नेऊ नका'च्या खाली माझं नाव, वरचं अर्धंच! बाकीचं कटिंगमध्ये उडालेलं. दोरीवर मोजे वाळत घालावेत तशी अक्षरं शिरोरेघेला लोंबत होती.

संपलं, म्हटलं. गेली नोकरी.

"सायली! एक्झाम्पल के लिए अपना ही नाम काट दिया? कमाल हो यार तुम!"

मी मान खाली घातली, अगदी नम्रपणे. "थँक यू, मॅम."

झाले की परमनंट! केबिनही मिळाली. दारावरची पाटी मॅडमनी कौतुकाने बन्सलजींकडेच करायला दिली, नाव पोस्टरवर होतं अगदी तसंच. लावायला ते स्वतः आले. स्क्रू हातात धरून हळूच म्हणाले, "मैडम, अभी भी टाइम है. नाम पूरा करवा दूँ?"

'हो हो हो' अगदी ओठांवर आलं होतं हो! पण मागेच एचओडी मॅडम उभ्या होत्या, डोळे भरून बघत.

"नहीं भैया," मी म्हटलं. "जैसा है, वैसा."